मी कोरी नव्हते

मित्रांनो, मी एक जुनी डीव्हीडी आहे. आता मला कोणी विचारत नाही, पण एके काळी आमचा काय रुबाब होता! लग्न असो की बारसं, आमच्यावाचून कोणाचं पान हलत नसे.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण जीव मिळाला तो वर्ध्यातल्या एका लहानशा दुकानात. हिंगणीच्या सुलोचनाबाई तिथे पेनड्राइव्ह घेऊन आल्या. त्यांचे पती चंद्रभान नुकतेच वारले होते. एका लग्नात ते खंजिरीवर भजन म्हणत असताना बाईंच्या भावाने व्हिडिओ काढला होता. तो घरच्या टीव्हीवर पाहता यावा, एवढीच बाईंची इच्छा होती.

"काकू, घरच्या प्लेअरवर पाह्याले हे कन्व्हर्ट करा लागते. तासभर बसा," दुकानदार धीरज म्हणाला.

"तासभर? माही हिंगणीची गाडी सुटते ना बापू! जसं हाय तसंच टाकून दे."

"चाललं तं चाललं, नाई तं परत आणजा."

त्याने फाइल होती तशीच माझ्यावर उतरवली. कॉम्प्युटरला ती वाचता आली असती, घरच्या प्लेअरला नाही. मला त्याचं काय! चंद्रभानजींचा खडा आवाज पोटात घेऊन मी पिशवीत ऐटीत बसले.

घरी पोचताच बाईंनी मला प्लेअरमध्ये घातलं. टीव्हीचा पडदा निळाच राहिला. मला पदराने पुसून त्यांनी पुन्हा घातलं. पुन्हा तेच.

"कोरीच दिली वाटते पोरानं," त्या पुटपुटल्या.

मी कोरी नव्हते हो! पण मला तोंड कुठे होतं?

कापूस वेचून झाल्यावर त्या मला घेऊन वर्ध्याला गेल्या. दुकान कायमचं बंद झालं होतं. भावाचा कॉम्प्युटर जळला होता आणि पेनड्राइव्हवर दुसरीच गाणी भरली होती. बाई घरी परतल्या. पुढे ज्वारी हुरड्यावर आली, पोपटांचे थवे उतरू लागले, तेव्हा त्यांनी मला दोरा बांधून वावरातल्या काठीला टांगलं.

तिथे मी किती तरी उन्हाळे काढले. पाखरं मला भ्यायची. माझ्याखाली बसून बाई दुपारची भाकर खायच्या, आणि त्यांचा माणूस त्यांच्याच डोक्यावर गरगर फिरत असायचा. मला फार वाईट वाटायचं.

यंदा बाईंची भाची सुरभी आली. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. माझी हकिकत ऐकून ती मला घेऊन गेली आणि दोन दिवसांनी रडवेली होऊन परतली.

"आत्या, हे कोरी नव्हती. 'चंद्रभान भजन' असं नाव दिसते. पण उन्हानं खराब झाली, आता काही उघडत नाई."

बाईंनी मला तिच्या हातातून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे हे वावरातच होते. अन् म्या त्याईले पाखरं हाकलाले टांगलं."

मित्रांनो, जुनी डीव्हीडी कोरी समजून टाकण्याआधी एकदा जाणत्याला दाखवा. नवी करून घेतलीत तर दुकानातच लावून पाहा, एखादी गाडी चुकली तरी चालेल. आपल्या माणसाचा आवाज पुन्हा भरून मिळत नाही.

आता मी घरात, खंजिरीशेजारी फळीवर असते. रोज संध्याकाळी बाई मला पदराने गोल गोल पुसतात. खरं तर आम्हांला मधून कडेकडे सरळ पुसावं. गोल पुसलं की ओरखडे पडतात. पण हे त्यांना सांगू नका. त्यांना पुसू द्या.