दुसरीचा बिल्ला

दोघी जावांनी या वयात बेटावर जाऊन समुद्रातले तारामासे मोजायचं ठरवलं, तेव्हा घरातल्यांनी पोट धरून हसून घेतलं. थोरली शाळेच्या कचेरीतून निवृत्त झालेली, धाकटी इस्पितळातून. स्वयंसेवकांची जाहिरात आणली धाकटीने. थोरली आली ती तिच्यावर लक्ष ठेवायला. निघताना दीर म्हणालेच होते, "वहिनी, ही नाकासमोर कधी चालत नाही. तुमच्या हवाली करतोय." तीस वर्षं थोरली धाकटीच्या मागे आवरतच आली होती. तिने उघडा ठेवलेला डबा झाक, विसरलेली कडी लाव. तोंडाने कुरकुर आणि हाताने काम, असा तिचा खाक्या.

काम अवघड नव्हतं. पाण्याखालच्या पोवळ्यांच्या खडकावर पन्नास मीटरची टेप पसरायची, अंगात तरंगवणारं नारिंगी जॅकेट घालून, डोळ्यांवर काच आणि तोंडात नळी लावून तिच्यावरून पोहत जायचं, आणि पोवळं खाणारे काटेरी तारामासे किती दिसले ते प्लास्टिकच्या पाटीवर लिहायचं. नियम दोनच, आणि संशोधक बाई ते रोज बजावायच्या. जोडीदाराला सोडायचं नाही. आणि होडीतल्या फळीवर टांगलेला आपापला बिल्ला पाण्यात उतरताना लाल बाजूला फिरवायचा, वर आल्यावर पांढऱ्या, तोही स्वतःच्या हाताने. सगळी फळी पांढरी झाली की होडी निघणार.

त्या दिवशी दुपारी वारा उठला. नावाड्याने शिट्टी वाजवून सगळ्यांना परत बोलावलं. थोरलीला थंडी भरली होती. धाकटीने पाण्यातून डोकं वर काढून सांगितलं, शेवटचे पाच मीटर उरलेत, तुम्ही व्हा पुढे. थोरली पुढे झाली. शिडी चढून तिने आपला बिल्ला फिरवला आणि मागे पाहिलं. पिवळी टोपी घातलेली एक बाई शिडीकडे येत होती. धाकटीची टोपी पिवळीच. आता ही वर येणार, टॉवेल शोधत बसणार आणि बिल्ला विसरणार, संशोधक बाई तिला पुन्हा सगळ्यांसमोर बोलणार. थोरलीने नाक मुरडलं आणि धाकटीचा बिल्लाही फिरवून टाकला.

बाईंनी फळी पाहिली. होडी निघाली.

वीसेक मिनिटांनी थोरलीने थर्मासमधून दोन कप चहा ओतला आणि होडीच्या पुढच्या टोकाला असलेल्या कपडे बदलायच्या खोलीत धाकटीला द्यायला गेली. खोलीत पिवळी टोपी पिळत भलतीच बाई उभी होती.

थोरलीने होडीच्या मागच्या बाजूला पाहिलं, छताखाली पाहिलं, दोरखंडांच्या ढिगामागेही पाहिलं, जणू धाकटी लपाछपी खेळत होती. मग ती ओरडली.

बाईंनी फळी तपासली. बिल्ला पांढरा, म्हणजे ती वर आली होती. म्हणजे वाटेत पडली. नावाड्याने होडी वळवली आणि वेग अगदी कमी केला. सगळे दोन्ही कठड्यांना वाकून एकेक लाट न्याहाळू लागले.

धाकटी इथे वाटेत पडलेली नाही, हे त्या होडीत फक्त थोरलीला माहीत होतं. ती मागे खडकापाशी आहे. ओहोटी लागली आहे, तिथलं पाणी बाहेर, उघड्या समुद्राकडे ओढतं, आणि ही होडी गोगलगायीसारखी चालली आहे. बोलायला हवं होतं. पण बोललं की हे आपण केलं असं ठरणार, मग दिरांना काय तोंड दाखवायचं? तिच्या तोंडाला कुलूपच लागलं. किती वेळ गेला कोण जाणे, पण तो धाकटीचा वेळ होता, हे तिला कळत होतं.

"बिल्ला मी फिरवला," ती अखेर म्हणाली. "ती वर आलीच नाही."

बाईंनी खडकाच्या दिशेला हात केला. नावाड्याने होडी पूर्ण वेगाने सोडली.

खडकापाशी पाणी रिकामं होतं. नावाडी फेस कुठल्या बाजूला जातोय ते पाहत राहिला, आणि त्या बाजूला होडी घातली. थोरलीने कठडा इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. प्रत्येक लाटेचं टोक तिला डोकं वाटायचं आणि प्रत्येक वेळी ती लाटच निघायची. बऱ्याच वेळाने, खूप बाहेर, नारिंगी जॅकेटचा एक ठिपका दिसला. तो हलत नव्हता. होडी अगदी जवळ गेली तेव्हा त्यातून एक हात वर आला.

धाकटीला ओढून वर घेतलं, टॉवेलांत गुंडाळलं. तिचे दात वाजत होते. डोळे मात्र थोरलीवरच होते.

"ताई, तुम्हाला कधी कळलं?"

'लगेच' हा शब्द थोरलीच्या ओठांपर्यंत आला होता.

"वीस मिनिटांनी," ती म्हणाली. "तुझा बिल्लाही मीच फिरवला होता. आणि ते सांगायलाही वेळ लावला."

धाकटीने टॉवेल अंगाभोवती घट्ट ओढला.

"मला वाटलं, होडी सुटल्या सुटल्या तुम्हाला कळलं असणार," ती म्हणाली. "आता ताई वळवतील, आता वळवतील, एवढंच म्हणत तरंगत होते."

थोरलीने तिचा हात आपल्या हातात घेतला. धाकटीने तो घेऊ दिला, पण तिची बोटं काही मिटली नाहीत.