कात्रीताईचा डबा

कात्रीताईनं डबा टेबलावर ठेवला आणि त्याच्याखाली दुकानाची पिशवी अशी पसरली, की तिच्यावरचा 'हलाल' हा शब्द नेमका समोर बसलेल्या मुलीच्या डोळ्यांपुढे यावा. मग आपण त्या गावचेच नाही अशा थाटात ती पाणी प्यायली.

त्या शिवणकारखान्यात सगळ्याजणी एकाच लांब टेबलावर जेवायला बसत आणि प्रत्येकीच्या डब्यातला घास प्रत्येकीच्या ताटलीत जाई. ताई कापड कापायची, आणि कात्रीइतकीच तिची जीभही चालायची. म्हणून हे नाव. तिच्या तळलेल्या कोंबडीवर तर नुसत्या उड्या पडत. फक्त काज-बटणाच्या मशीनवर आलेली नवी मुलगी दर वेळी हसून म्हणे, "पोट भरलंय, ताई."

आधी ताईला राग आला, मग वाईट वाटायला लागलं. दोन घासांत कसलं पोट भरतंय हिचं? शेवटी इस्त्रीवालीनं कानात सांगितलं, "अगं, मुसलमान आहे ती. हलाल असल्याशिवाय नाही खात." ताईनं कपाळावर हात मारून घेतला.

घरी नवऱ्यानं तोंड वाकडं केलं.

"त्यांच्या दुकानातलं आपण कशाला खायचं? काहीतरी म्हणत कापतात ते."

"म्हणेनात का! तू तर खाताना टीव्हीवरची नजरसुद्धा काढत नाहीस."

बोलली खरी, पण दुकानाच्या दाराशी तिचेही पाय अडखळले. आत गेलो की सगळे आपल्याकडेच बघतील असं तिला वाटत होतं. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. फरशी धुतलेली, सुऱ्या लखलखीत, रांग चांगली लांबलचक.

"आम्ही घेतलं तर चालतं का?" तिनं चाचरत विचारलं. "म्हणजे, आम्ही तुमच्यातले नाही."

"घ्या की, बाई," खाटीक म्हणाला. "फक्त रांगेत मध्ये घुसू नका."

आता मुलीनं पिशवीवरचा शब्द वाचला. पुन्हा वाचला.

"ताई, हे मुद्दाम आणलंत?"

"मुद्दाम कशाला? वाटेत दुकान लागलं." ते दुकान घराच्या अगदी उलट्या दिशेला होतं.

मुलीनं आपली ताटली पुढे सरकवली. ताईला इतका आनंद झाला, की तिनं सगळ्यात मोठा तुकडाच वाढला. मुलीनं तो उचलला. ताईनं हातातलं झाकण बाजूला ठेवलं, आणि तिची नजर झाकणाच्या आतल्या कडेवर गेली. तिथं पांढरं काहीतरी थिजलं होतं.

चरबी. डुकराची. कोंबडी त्यातच तळायची तिची वर्षानुवर्षांची सवय. सकाळच्या गडबडीत हात आपसूक चरबीच्याच डब्याकडे गेला होता.

कुणाला कळणार होतं? एवढ्या दिवसांनी पोर खायला बसलीय, खुशीत आहे.

"थांब! खाऊ नकोस!" ती ओरडली आणि तुकडा तिनं मुलीच्या हातातून हिसकावूनच घेतला.

मुलीचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं हात मांडीवर घेतले.

"अगं, तसं नाही गं बाई!" ताई रडकुंडीला आली. "डुकराच्या चरबीत तळलंय मी! कोंबडी आणली तुमच्या दुकानातून आणि तळली आमच्या चरबीत. काय म्हणावं माझ्या डोक्याला?"

"केलंस कल्याण!" इस्त्रीवाली पुटपुटली.

मुलगी उठली, नळावर जाऊन तिनं हात स्वच्छ धुतले. आता ही दुसरीकडे जाऊन बसणार, असंच ताईला वाटलं. पण ती परत आली ती ताईच्या शेजारच्या खुर्चीवर. आपला डबा तिनं दोघींच्या मध्ये ठेवला.

"घ्या, ताई. आज तुम्ही माझ्यातलं खा. उद्या परत आणा."

"आणते. तेल कुठलं, कढई कुठली, सगळं सांगते. दुकानाची पावतीसुद्धा..."

"ते काही नको," मुलगी म्हणाली. "तुम्ही वाढलंत, की मी खाईन."