ढगाखालचं वावर

ताईबाईंनी पहिल्या खोडावर कोयता उगारला, तेव्हा मेघाने जवळजवळ ओरडूनच त्यांना थांबवलं.

"अक्का, थांबा. एवढी एक बाग तोडू नका."

ताईबाईंचा हात वरच राहिला. दोन दिवसांपूर्वीच्या वादळाने सावद्याच्या आसपासच्या केळीबागा लोळवल्या होत्या. कुठे निम्मी झाडं तगली होती, कुठे कडेची ओळ. ताईबाईंच्या बागेत मात्र एकही झाड उभं नव्हतं. घडांसकट खोडं एकमेकांवर पडली होती आणि फाटलेली पानं मातीत लोळत होती. शेजारच्या वावरांतून सकाळपासून तोडणीचे आवाज येत होते.

मेघा जळगावच्या पिंप्राळ्याची. शिरपूरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. अहमदाबादला, सरकारी अंतराळ संस्थेच्या केंद्रात इंटर्नशिपसाठी तिच्या वर्गातून तिची एकटीची निवड झाली होती. उपग्रहाच्या चित्रांवरून वादळात पडलेली केळी ओळखता येते का, हा तिचा विषय. वादळाची बातमी आली तशी तिथल्या सरांनी तिला प्रत्यक्ष पाहणीला पाठवलं. भाग तिचा, भाषा तिची. ती झुलालमामांकडे उतरली होती. ताईबाई मामांच्या शेजारी राहायच्या. मामा त्यांना अक्का म्हणत, म्हणून तीही म्हणायची.

"पुढच्या आठवड्यात उपग्रह इथून जाणार आहे," मेघा म्हणाली. "तोवर बाग अशीच राहिली तर मला फार उपयोग होईल. पूर्ण झोपलेली बाग दुसरीकडे मिळायची नाही. सगळे लगेच साफ करतायत."

"वरून दिसतं एवढं?"

"दिसतं."

ताईबाईंनी वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं.

"तलाठी तं लिहून गेला कालच. हे त्याच्यासाठी नाही ना?"

"नाही, अक्का. भरपाईशी याचा काही संबंध नाही. माझ्या अभ्यासापुरतंच आहे."

ताईबाईंनी वाकून एका आडव्या खोडाच्या बुडाशी हात घातला. तिथे हातभर पील फुटलं होतं. मोठं झाड गेलं तरी ही पिलं वाढवून पुढच्या सालची बाग धरायची, तिकडची रीतच ती. पिलावर पडलेलं पान त्यांनी बाजूला केलं.

"दबून जातील व माय, जास्त दिस राह्यलं तं."

"आठवडाभरच. फोटो निघाला की त्याच दिवशी मी फोन करते तुम्हाला. मग लगेच तोडा."

ताईबाईंनी कोयता खाली ठेवला. मग बांधावर बसलेल्या मजुरांना त्यांनी हाक मारली.

"जा रे आज. मी सांगीन तवा या."

आणि मेघाला म्हणाल्या, "मोज तुले काय मोजायचं ते. पाय सांभाळून टाक, घसरन हाये."

उपग्रह ठरल्या दिवशी गेला. चित्र आलं तेव्हा मेघा अहमदाबादला पडद्याशीच बसून होती. तापीच्या दक्षिणेकडचा भाग लख्ख दिसत होता. सावद्यावर ढग होते, आणि ढगांच्या त्या पांढऱ्या पट्ट्याखाली ताईबाईंचं वावर होतं.

"सोडून दे तो भाग," सर म्हणाले. "बाकीच्या वावरांवर काम होईल."

काम झालं. केंद्रात मोबाईल फाटकापाशीच ठेवावा लागायचा. संध्याकाळी तो हातात आला की मेघाला फोनची आठवण व्हायची. पण फोटो आलाच नाही, हे कसं सांगायचं? पुढच्या खेपेला आभाळ मोकळं असेल, मग चांगलीच बातमी देऊ, असं तिने स्वतःला सांगितलं. पुढच्या खेपेला तिकडे पाऊसच लागला होता. त्यानंतर उद्या करू, रविवारी करू, असं करता करता इतका उशीर झाला की फोन करायचीच लाज वाटू लागली. अहवाल झाला, सादरीकरण झालं. सगळ्यांसमोर सरांनी तिचं कौतुक केलं. तिने पाठवलेला सादरीकरणाचा फोटो जळगावला आईने शेजारीपाजारी दाखवला.

दिवाळीनंतर ती मामांकडे आली. वाटेवर दोन्ही बाजूंना नव्या केळीची पानं माणसाच्या खांद्याला लागत होती. मधलं एकच वावर नांगरून उघडं पडलं होतं. ते कोणाचं, हे तिला विचारावं लागलं नाही.

ताईबाई ओट्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या. मेघाला पाहून त्यांनी सूप बाजूला सारलं, बसायला जागा केली.

"अक्का, फोटो निघालाच नाही. ढग होते."

"अस्सं."

"मी फोन करायला पाहिजे होता."

ताईबाईंनी सूप पुन्हा ओढून घेतलं. "मी वाट पाह्यली. म्हटलं, पोरीचं काम अडलं असन. मधीच तोडलं तं वाया जाईन तिचं. मंग पाऊस लागला. चिखलात ट्रॅक्टर शिरेना. सडलं सारं, पिलंबी गेली." दुसऱ्याच कुणाच्या वावराबद्दल सांगावं तसा त्यांचा आवाज होता. "तू पास झाली का पन?"

"झाले."

"मंग झालं."

मेघाला आणखी बोलायचं होतं. पण ताईबाईंनी मूठभर शेंगा तिच्या ओंजळीत टाकल्या आणि आईची तब्येत विचारली. निघताना मेघा पाया पडली. ताईबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि लगेच उचललाही.

मामा तिला स्कूटरवरून सावद्याच्या स्टँडवर सोडायला निघाले. नांगरलेल्या वावरापाशी त्यांनी वेग कमी केला.

"अक्काचं वाईट वाटतं बघ. आता होत नाही तिच्यानं. सगळ्यांनी चार दिसात बागा साफ केल्या, हिनं हातच नाही लावला. मी इचारलं, तं म्हने, ध्यानातच नाही राह्यलं."

"असं म्हणाल्या?"

"मलेबी तेच, पोरालेबी तेच. मंग तो पोरगा, हितेंद्र, आला सुरतेहून. वावर ठोक्यानं दुसऱ्याले कसायले देऊन टाकलं त्यानं. पुढच्या महिन्यात आईले घेऊन जातो म्हने. डोकं चालत नाही, तं एकटं कसं ठेवावं मानसाले?"

"मामा, गाडी थांबवा."

रस्त्याच्या कडेला उभं राहून मेघाने त्यांना सगळं सांगितलं. मामा स्कूटरच्या हँडलकडे पाहत ऐकत राहिले. मध्येच एक ट्रॅक्टर गेला, तेव्हा तिला पुन्हा सांगावं लागलं.

"मले काहून नाही बोलली अक्का? तुले कोनी बोल लावू नये म्हनून?" ते शेवटी म्हणाले.

मेघाने हितेंद्रचा नंबर मागितला. मामांनी दिला. तिने तिथूनच फोन लावला. आपण कोण ते सांगितलं आणि न थांबता पुढचं सगळं सांगून टाकलं. त्या विसरल्या नव्हत्या, मीच थांबवलं होतं, मीच कळवलं नाही, त्यांच्या डोक्याला काही झालेलं नाही.

"तुम्ही सांगितलंत ते चांगलं केलं, ताई," हितेंद्र म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "पण आता व्यवहार झाला. आणि एका अर्थी बरंच झालं. किती वर्षं चल म्हणतोय, ऐकतच नव्हती. या वेळी म्हटलं, आई, तुला आता आठवत नाही. तर काहीच बोलली नाही."

मेघाच्या आईवडिलांना नमस्कार कळवायला सांगून त्याने फोन ठेवला.

"काय म्हने?" मामांनी विचारलं.

"बरं झालं म्हणाले."

मामांनी स्कूटरला किक मारली. मेघा मागे बसली नाही. उघड्या वावराच्या बांधावर ती तशीच उभी राहिली, आणि मामांनीही मग गाडी बंद केली.