पिसवा गेल्या, माणसं राहिली

मित्रांनो, बाहेरून पाहाल तर ही सामान वाहणारी एखादी व्हॅन असेल असे तुम्हाला वाटेल. पण माझे बाजूचे दार उघडा. आत हात धुवायचे बेसिन आहे, छोटासा ओटा आहे, घडीचे टेबल आहे आणि ओढला की पलंग होणारा बाक आहे. मी एक जुनी घरगाडी आहे. चाकांवरचे घर म्हणा ना! एकदा माझ्या अंगात पिसवा झाल्या होत्या, त्या दिवसांची ही हकिगत. हसू नका. ज्याच्या अंगात होतात त्यालाच कळते.

माझा सांगाडा मोठ्या कारखान्यात बनला, पण मला घरपण दिले ते एका सुताराने. वळणावर बशीसुद्धा हलणार नाही, अशी त्याने प्रत्येक कप्प्याला कडी बसवली. माझे पहिले मालक म्हणजे आईवडील आणि त्यांच्या दोन मुली. वरच्या बिछान्यावर कोण झोपणार यावरून त्या दोघी अगदी हमरीतुमरीवर येत. मुक्कामाला थांबलो की शेजारपाजारचे लोक डोकावून म्हणत, "अय्या, एवढ्याशा जागेत सगळं किती नीटनेटकं!" मी फुलून जात असे.

मुली मोठ्या झाल्या, आपापल्या वाटेने गेल्या आणि मी दुसऱ्या मालकाकडे आले. तो एकटा होता. पुढे त्याचे गुडघे दुखू लागले. त्याने मला एका गॅरेजच्या मागच्या अंगणात उभे केले आणि "लवकरच नेतो" असे सांगून गेला, तो आलाच नाही.

चाकांभोवती गवत वाढले. पाण्याच्या नळीभोवतीचे रबर कुजून माझ्या तळाला भोक पडले. त्या भोकातून एक करड्या रंगाची मांजरी आत आली आणि माझ्या बाकावर व्याली. खरे सांगू? मला आनंदच झाला. कोणीतरी माझ्यात राहत होते! पण तिच्या अंगावरून पिसवाही आल्या. मित्रांनो, मांजरीला बोल लावू नका, तिलाही त्या चावतच होत्या. पिले मोठी होऊन निघून गेली. गालिच्यात आणि फटींत मात्र पिसवांचे कोष राहिले. कोषातली पिसू कितीतरी दिवस गप्प पडून राहते. ऊब आली, पावले वाजली, की बाहेर येते.

आणि एके दिवशी पावले वाजली. काका आणि काकू आले.

काकांनी आयुष्यभर बस चालवली होती. काकू टेलिफोन ऑपरेटर होत्या. त्यांचा आवाज गोड होता, पण समोरचा हो म्हणेपर्यंत त्या फोन ठेवत नसत. ते ज्या भाड्याच्या घरात राहत, ते विकले जाणार होते. मग दोघांनी ठरवले, मला गॅरेजवाल्याकडून विकत घ्यायचे, माझ्यातच बिऱ्हाड करायचे आणि फिरायचे.

"जन्मभर दुसऱ्यांना पोचवलं," काका काकूंना म्हणाले, "आता तुला नेतो."

काकूंनी माझ्या ओट्यावरून हात फिरवला. "अहो, हे घरच आहे की!"

कितीतरी वर्षांनी मला कोणी घर म्हटले होते. पण ते दोघे बाकावर चहा घ्यायला बसले आणि काकू घोटा खाजवू लागल्या.

"अहो, काहीतरी चावलं."

"उष्णता झाली असेल तुला."

"उष्णता उड्या मारते का हो?"

काकांनी विजार वर केली. त्यांच्याही पायावर काळे ठिपके टुणटुण उडत होते. दोघे कप तिथेच टाकून बाहेर पळाले. शरमेने मला जागच्या जागी गंजून जावेसे वाटले.

काकांनी दुकानातून फवारा आणून मारला. थोडे दिवस शांततेत गेले आणि पुन्हा तेच. काकूंचे पाय सुजून लाल झाले, डॉक्टरांकडे जावे लागले. तेव्हा मात्र काका चिडले आणि भंगारवाल्याला घेऊन आले. त्याने आत येऊन सगळीकडे ठोकून पाहिले. "पत्रा बरा आहे. उद्या नेतो."

काकांनी होकाराची मान हलवली. मी सुन्न झाले.

तेवढ्यात काकू पायांना मलम लावून तशाच आल्या आणि माझ्या पायरीवर बसल्या. "मी इथून हलणार नाही."

"अगं, पाय बघ तुझे!"

"पाय माझे आहेत ना? मग मी ठरवते. ते घर चाललं, आता हेही घालवलं तर बिऱ्हाड काय तुमच्या टोपीत मांडायचं? आणि पिसू ती केवढी! तिला घाबरून घर सोडायचं?"

काका काही बोलणार, तोच भंगारवाला पोटरी खाजवू लागला. त्याने खाली पाहिले आणि तो दोन पावले मागे सरला. "वहिनी, ठेवा तुम्हीच. मला नको ही गाडी."

मग काकूंनी फोन हातात घेतला. त्या दिवशी त्यांनी कोणाकोणाला फोन केले देव जाणे, पण शेवटी कीटक मारण्याचे काम करणाऱ्या एक ताई आल्या. ताईंनी गुडघ्यांवर बसून माझा तळ तपासला, भोक शोधले आणि खाली झोपलेली मांजरीही शोधली.

"एकदा फवारून भागत नाही," त्या म्हणाल्या. "कोषातल्या वाचतात. त्यांना आधी जागं करायला हवं."

"म्हणजे हाका मारायच्या?" काकांनी विचारले.

"नाही हो काका. गाडी चालवा. धक्के बसले की त्यांना वाटतं कुणीतरी आलं. त्या बाहेर येतात आणि औषधात सापडतात."

काका पहिल्यांदाच हसले. "इतकी वर्षं माणसं वाहिली. आता पिसवांची फेरी!"

मग माझी जी सेवा झाली, ती मी कशी विसरेन? गालिचा उचकटून बंद पिशवीत गेला. गाद्यांच्या खोळी कढत पाण्यात धुऊन उन्हात वाळल्या. काकूंनी व्हॅक्यूम क्लीनरचे तोंड माझ्या प्रत्येक फटीत घातले आणि कचऱ्याची पिशवी दर वेळी गाठ मारून लगेच बाहेर टाकली. ताईंनी फवारणी केली. काकांनी भोकावर पत्रा ठोकला, गॅरेजवाल्याने माझे इंजिन सुरू करून दिले. ते मांजरीला हाकलायला निघाले होते, पण काकू म्हणाल्या, "तिला कुठे हौस आहे पिसवांची?" मग तीही प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेली, मानेवर औषधाचे थेंब घेऊन आली आणि गॅरेजवाल्याकडे राहिली.

रोज सकाळी काका विजार मोज्यांत खोचून मला खडबडीत रस्त्यावर फिरवत. लोक विचारत, "काका, रिकामी गाडी घेऊन कुठे?"

"रिकामी कुठे? खचाखच भरलीय!"

मध्येच एक दिवस असा आला की पिसवा पूर्वीपेक्षा जास्त दिसल्या. भाड्याचे घर सोडायचा दिवस जवळ आला होता. काका स्टेअरिंगवर डोके टेकून बसले. काकूंनी ताईंना फोन लावला. ताई म्हणाल्या, "जास्त दिसताहेत म्हणजे कोषातून बाहेर निघताहेत. आता थांबू नका." काकूंनी फोन ठेवला आणि पुन्हा व्हॅक्यूम क्लीनर सुरू केला. काकांनीही किल्ली फिरवली.

हळूहळू पिसवा कमी झाल्या. मग एखाददुसरी दिसे. मग एकही दिसेना. घर सोडायच्या आदल्या दिवशी काकू माझ्यात अनवाणी फिरल्या, मग बाकावर बसून राहिल्या. काही झाले नाही. काका दारातून विचारत होते, "काय गं? काय?" काकू डोळे पुसत म्हणाल्या, "सामान आणा."

आमचा पहिला मुक्काम एका तळ्याकाठी पडला. शेजारच्या तंबूत एक तरुण जोडपे होते. त्यातली तरुणी आपल्या रांगत्या पोरीला कडेवर घेऊन घेऊन थकली होती. काकूंनी तिला चहाला आत बोलावले.

"सोड गं तिला खाली."

ती माझ्या जुन्या जमिनीकडे पाहून घुटमळली. "काही चावणार नाही ना?"

"अगं, मी हातांनी घासलीय ती. खुशाल सोड."

पोरगी खाली उतरली. ओट्यापर्यंत रांगत गेली, परत आली आणि खेळता खेळता माझ्या जमिनीवर गाल टेकून झोपी गेली. काकांनी दार लावले, तेही आवाज न करता.

मित्रांनो, तुमच्याकडे एखादी जुनी वस्तू आली आणि तिने पहिल्याच दिवशी त्रास दिला, तर तिला लगेच टाकून देऊ नका. जरा वाकून पाहा, धुवा, पुसा, थोडे दिवस थांबा. जाणत्या माणसाला विचारा. कोणीतरी माझ्यासाठी एवढे केले, म्हणून आज माझ्या दारात चपलांचे दोन जोड आहेत आणि आतली माणसे अनवाणी आहेत.