दहावी पाका

ओतिलियाचा ओठ फुटला तेव्हा दुवाननं पिस्तुलाची मूठ तिच्याच एप्रनला पुसली. "ओतिलियाबाई, तुमच्यावर हात उचलायला मला काय हौस आहे? तुमचा भाऊ कुठाय सांगा."

"बादली घेऊन केळीची सालं गोळा करायला गेलाय."

"खाली? पायऱ्यांपलीकडे?"

त्या पायऱ्याच नडल्या होत्या. काली शहराच्या डोंगरउतारावरच्या या वस्तीत वरची घरं दुवानच्या टोळीची, खालची दुसऱ्या टोळीची, आणि मधल्या पायऱ्या बेधडक ओलांडायची ती फक्त मांजरं. तिचा भाऊ अर्सेसियो मात्र, केळीच्या सालांना कसली आलीय टोळी, असं म्हणत आठवडाभर रोज हातगाडी घेऊन खाली उतरला. एवढा बावळटपणा त्यालाच जमायचा. तो सालांच्या बादल्यांमधून खालच्यांचे निरोप आणतो, असं दुवानच्या डोक्यात बसलं. आणि दुवानच्या डोक्यात काही बसलं, की कुणाचं तरी डोकं फुटल्याशिवाय ते निघत नसे.

हातगाडीचे तुकडे आधीच झाले होते. आता दुवानचे दोघे साथीदार कोयते घेऊन अंगणातल्या पाकांवर तुटून पडले. या पाकांवर ओतिलियाचा भारी जीव. पाका म्हणजे खतासाठी रचलेला ठोकळा: छातीएवढ्या लाकडी चौकटीत मधोमध घराघरांतला ओला कचरा, चहूबाजूंनी सुकी पानं, आणि सगळं पायांनी तुडवून असं गच्च करायचं की चौकट काढली तरी ठोकळा उभा राहावा. सहा महिन्यांत त्याचं काळंभोर खत होई. सैल राहिलं तर घाण सुटे, म्हणून बादली आणेल त्यानं वर चढून नाचायचंच, हा तिचा नियम होता. दुवानची आईसुद्धा नाचून जायची.

नऊ ठोकळे उभे चिरले गेले. वाफ निघाली, आंबूस वास सुटला, बाकी काही नाही. दहावी पाका अजून चौकटीतच होती. तिच्यात अर्सेसियो कुशीवर मुटकुळं करून पडला होता, डोकं भिंतीकडच्या कोपऱ्यात, अंगावर हातभर पानं. ओतिलियानंच त्याला झाकलं होतं.

कोयता वर गेला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "ती राहू दे. आजच भरलीय, दाबायची बाकी आहे."

बोलली आणि तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

"एवढी काठोकाठ भरली आणि दाबली नाही?" दुवान हसला. "माझ्या म्हातारीला पाऊण पाऊण तास नाचवता. गुडघे धरून घरी येते बिचारी. चढा की आता तुम्ही."

"आज पाय दुखतोय रे."

"मग मी चढतो."

त्याचे बूट आणि त्याचं ते धूड बघून ओतिलिया स्वतःच चढली. अनवाणी. दुवाननं मोबाईलवर साल्साचं गाणं लावलं. ती अर्सेसियोच्या पायांकडच्या बाजूला हलक्या पावलांनी नाचू लागली. पायाखाली भावाची नडगी लागत होती.

"असं नाही," दुवान म्हणाला. "म्हातारी म्हणते, कोपरे विसरले की सगळी पाका वाया. तुम्हीच शिकवलंय ना तिला?"

तिनंच शिकवलं होतं. ती भिंतीकडच्या कोपऱ्याकडे सरकली आणि खालून कण्हल्याचा आवाज आला.

एका साथीदारानं मान वळवली. "काय वाजलं?"

ओतिलियानं गाण्याचे शब्द मोठ्यानं ओरडून म्हणायला सुरुवात केली आणि जिथून आवाज आला तिथेच टाच हाणली. पुन्हा हाणली. दहादा हाणली. मेल्या, गप्प बस, दोघं मरू, असं मनातल्या मनात त्याला शिव्या घालत, रक्ताळलेल्या ओठांनी गात ती गाणं संपेपर्यंत तुडवत राहिली. आवाज थांबला. शहाणा आहे माझा भाऊ, असं तिला वाटलं, आणि अंगात बळ आलं.

"बघा, जमलं की," दुवान म्हणाला. "भाऊ आला की माझ्याकडे पाठवा." तिघं पायऱ्यांच्या दिशेनं गेले.

ते वळणाआड होताच तिनं दोन्ही हातांनी पानं उपसली. "अर्सेसियो, गेले ते. ऊठ." तो उठला नाही. त्याच्या तोंडात पानं घशापर्यंत गच्च दाबली गेली होती. तिनं बोटं घालून ती ओढून काढायला सुरुवात केली. सगळी पानं निघाली, तरी ती बोटं घालतच राहिली.