पेटीतल्यांचं जेवण

"अहो, तुमची एक पाहुणी माझ्या चपलेत शिरलीय. आधी तिला बाहेर काढा, मग मी कामावर जाते."

बायको भिंतीला हात टेकून एका पायावर उभी होती. मी चप्पल उलटी करून आपटली. गांडूळ फरशीवर पडलं आणि आळस दिल्यासारखं लांब झालं. सिंकखालचं कपाट अर्धवट उघडं होतं. आत ठेवलेल्या पेटीच्या झाकणावरून आणखी पाच-सहा जण घर सोडून निघाले होते. आंबूस वास तर असा सुटला होता की नाकाला रुमाल लावूनच मी खाली वाकलो.

"भूक लागली असेल त्यांना," आई तिच्या खोलीच्या दारातून म्हणाली.

"भूक नाही, आई, अजीर्ण झालंय!" मी ओरडलो. "कोण घालतंय यांना एवढं?"

आमच्या घरात माणसं तीन, आणि तिघांच्याही सांगण्यानुसार पेटीत कोणीच काही टाकत नव्हतं. तरी पेटी रोज ओसंडून वाहत होती.

"मी तर त्या दाराला हातसुद्धा लावत नाही," बायको चप्पल झटकत म्हणाली. ती औषधांच्या दुकानात काम करते आणि घरातही तिला सगळं बाटलीबंद लागतं. "पहिल्या दिवसापासून विचारतेय, आपल्याला ना बाग, ना गच्ची. एक कुंडी ठेवायला खिडकी नाही. हे खत तयार झालं की काय डोक्यावर घालायचंय?"

खतासाठी पेटी आणलीच नव्हती. आणली होती आईसाठी.

आईने सगळं आयुष्य एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक केला. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्यापासून तिच्या हाताला काम नव्हतं, म्हणून ती कचऱ्याच्या डब्यापाशी उभी राहून हळहळायची. एवढी सालं फेकता, एवढे देठ फेकता, कोणाच्या तरी पोटात गेले असते. मी वजनकाटे दुरुस्त करतो. एका रोपवाटिकेचा काटा नीट करून दिला, तेव्हा तिथल्या मालकाने कौतुकाने आपली गांडुळांची पेटी दाखवली. म्हणाला, घरात ठेवा, वास नाही, आवाज नाही, सालं खातात आणि गप्प राहतात. मी वाटीभर गांडुळं घेऊनच आलो. दोन ट्रे असलेली प्लास्टिकची पेटी, खाली कागदाच्या ओल्या पट्ट्या, वर सालं. आई हरखली. नियम तिने एका ऐकण्यात पाठ केले. सालं चालतील, चहाचा चोथा चालेल, शिजवलेलं अन्न अजिबात नाही, आणि आधीचं संपल्याशिवाय पुढचं घालायचं नाही.

"म्हणजे ताटात टाकायचं नाही," आई म्हणाली होती. "शिस्तीची आहेत."

सुरुवातीचे काही महिने सगळं छान चाललं. मी एक छोटा काटासुद्धा पेटीशेजारी ठेवला, सालं मोजून घालायला. बायको म्हणाली की हा माणूस गांडुळांनाही मापात पाप करू देणार नाही. मग कुठे काय बिनसलं कोण जाणे, पेटी आंबायला लागली. मी चिखल उपसायचो, कोरडा कागद घालायचो, कोमट पाण्याने ट्रे धुवायचो, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेच. एकदा त्या चिखलात मला भाताची शितं दिसली. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी बायकोवर खेकसलो, बायको माझ्यावर खेकसली, आणि आई मधे पडून म्हणाली, "भांडू नका रे, जेवून घ्या आधी."

त्याच आठवड्यात आईला दवाखान्यात नेलं. बायकोचं म्हणणं होतं की आईचे कपडे तिच्या अंगावर नुसते लोंबतायत. डॉक्टरीणबाईंनी तिला वजनाच्या काट्यावर उभं केलं, जुना कागद पाहिला आणि भुवया वर केल्या.

"बरंच उतरलंय. जेवतात ना नीट?"

"दुपारचं ताट मी झाकून ठेवून जाते," बायको म्हणाली. "संध्याकाळी येते तर घासून पुसून ठेवलेलं असतं."

"जेवते की," आई म्हणाली. "मला काय धाड भरलीय?"

मी आईकडे पाहत नव्हतो. मी काट्याकडे पाहत होतो. काटा जुना होता, एका कोपऱ्यात फरशी खचलेली.

"बाई, तुमचा काटा कमी दाखवतोय," मी म्हणालो.

"असं कसं? सकाळपासून सगळ्यांना नीट दाखवतोय."

"अहो, माझा धंदा आहे हा. स्प्रिंग ढिली पडली असणार." मी खाली गेलो, स्कूटरच्या डिकीतून प्रमाण वजनांची पेटी काढली, वर आणली आणि दवाखान्यातल्या सगळ्या पेशंटांसमोर गुडघे टेकून तो काटा तपासायला बसलो. बायकोने कपाळाला हात लावला. मी एकेक वजन चढवलं, उतरवलं, काटा सरकवून दुसऱ्या फरशीवर ठेवला, पुन्हा चढवलं. काटा बरोबर होता. केसभरही फरक नव्हता. मला इतका राग आला की मी डॉक्टरीणबाईंना धड धन्यवादही न देता बाहेर पडलो.

त्यांनी तपासण्या लिहून दिल्या. सगळ्या ठीक आल्या. ताकदीचं औषध सुरू झालं. त्याने आईची ताकद वाढली नाही, पण पेटीची घाण वाढत चालली.

शेवटी मी जालीम उपाय केला. काटा तपासून झाला की आम्ही त्याला तार ओवून शिशाचं सील ठोकतो, म्हणजे कोणी आत हात घालू शकत नाही. मी पेटीच्या झाकणाला भोकं पाडली, तार ओवली आणि सील ठोकलं.

"आता बघतो कोण घालतंय ते," मी मोठ्याने म्हणालो.

आई माझ्यामागेच उभी होती. तिने त्या सीलला बोट लावून पाहिलं. "हे काय रे? उपाशी मारतोस त्यांना?"

"चार दिवस उपास घडला तर सुधारतील."

"घरात कोणाला उपाशी ठेवायचं नसतं," ती म्हणाली आणि खोलीत गेली. मला त्या वाक्याचाही रागच आला.

दुसऱ्या दिवशी एका भाजीवाल्याकडे काम होतं. तिथे पोहोचल्यावर लक्षात आलं, प्रमाण वजनांची पेटी घरीच राहिलीय. स्वतःला चार शिव्या हासडून मी भर दुपारी परत फिरलो. किल्लीने दार उघडलं. स्वयंपाकघरातून आईचा आवाज येत होता, हळू, समजुतीचा.

"सावकाश. घाई नाही. सगळ्यांना पुरेल."

ती सिंकसमोर बुटक्या स्टुलावर बसली होती. तार कात्रीने कापलेली, झाकण फरशीवर. मांडीवर तिचं दुपारचं ताट होतं, आणि त्यातला भात ती चमच्याने पेटीत वाढत होती. नुसता ओतत नव्हती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सगळ्यांना सारखा येईल असा, ओळीने वाढत होती.

"आई!"

"हळू बोल. जेवतायत."

"अगं, ते तुझं जेवण आहे!"

"माझं मागाहून. शेवटच्या पाळीचं आटोपलं की बसते."

लहानपणी मी आईला जेवताना फारसं पाहिलेलंच नव्हतं. कँटीनमध्ये शेवटचा कामगार हात धुऊन गेल्याशिवाय ती ताट घेत नसे, आणि घरी आमच्या सगळ्यांचं झाल्याशिवाय. ते आम्हाला इतकं ठाऊक होतं की कधी कोणी त्यावर बोललंसुद्धा नाही.

"मग तू रोज कधी जेवतेस?" मी विचारलं.

तिने पेटीत पाहिलं. आत आदल्या दिवसांचा भात काळा पडला होता आणि गांडुळं त्याच्यापासून लांब, भिंतींना चिकटून बसली होती.

"यांचं संपतच नाही रे," आई रडकुंडीला येऊन म्हणाली. "मी किती वेळ वाट बघायची? ताट वाळून जातं. मग मला आठवत नाही, माझं झालं की राहिलं. ताट रिकामं दिसलं की वाटतं, झालंच असेल."

मला राग आला, पण तो ठेवायला जागा सापडेना. गांडुळांवर काढावा तर ती बिचारी मरायला टेकलेली. आईवर काढावा तर ती हातात चमचा धरून माझ्याकडे बघत होती. लोकांचे काटे गुंजभर इकडचे तिकडे होऊ देत नाही मी, आणि माझी आई माझ्या डोळ्यांदेखत अर्धी होत चालली होती तेव्हा मी दवाखान्यातली स्प्रिंग तपासत होतो. मला माझीच लाज वाटली. मी फरशीवर बसलो आणि दोन्ही हातांनी पेटी उपसायला लागलो.

सगळा आंबलेला भात बादलीत काढला. त्यातून जिवंत होती ती गांडुळं वेचून कोरड्या कागदावर ठेवली. ओंजळभरही उरली नव्हती. ट्रे धुतला आणि तिच्यासमोर धरला.

"बघ, कोणी ताटात टाकलेलं नाही. सगळ्यांची जेवणं झाली."

तिने ट्रेचे चारही कोपरे नीट पाहिले. "झाली," ती म्हणाली. "आता बसते."

मी ताजा भात शिजायला टाकला. पाणी जास्त झालं म्हणून ती मला ओरडली. पण जेवली. ती इतक्या भराभर जेवली की मला तिच्याकडे बघवेना.

आता दुपारी मी घरी येतो, काम कुठेही असलं तरी. भाजीवाले कुरकुरतात, बायको दुकानातून फोन करून विचारते, "उघडलं का झाकण?" मी पेटीचं झाकण उघडतो, आईला दाखवतो. उरलेल्या गांडुळांनी संसार पुन्हा मांडलाय आणि ट्रेमध्ये काळंभोर, भुसभुशीत खत साठत चाललंय. ते घालायला आमच्याकडे अजून एक कुंडीही नाही. आई पाहते, मान हलवते, मगच ताटावर बसते. डॉक्टरीणबाईंचा काटा हल्ली थोडा पुढे सरकतो. मी त्यावर शंका घेत नाही.

परवा पेटी बघून झाली तरी ती बसेना. वाढायचा चमचा हातात घेऊन माझ्याकडे निरखून पाहत राहिली.

"तुमचं राहिलंय वाटतं," ती म्हणाली. "कुठल्या खात्यातले तुम्ही?"

तिचा चेहरा कामात असलेल्या बाईचा होता, त्यावर भीती नव्हती की गोंधळ नव्हता.

"दुरुस्ती खात्यातला," मी म्हणालो.

"दुरुस्तीवाले नेहमीचे उशिरा. बसा."

मी बाहेर जेवून आलो होतो, गळ्यापर्यंत. तरी बसलो. तिने माझ्यापुढे ताट मांडलं, भात वाढला, भाजी वाढली, आणि चमचा धरून उभी राहिली. मी एकेक घास गिळत सगळं संपवलं. तिने वाकून माझं ताट पाहिलं, कडेला राहिलेलं एक शीत बोटाने दाखवलं. मी ते उचलून खाल्लं.

मग आईने आपलं ताट जवळ ओढलं.