गायरानातला इशारा

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ताडकळसजवळच्या गायरानातल्या दगडापुढे पहिला नारळ फुटला. दगड देव नव्हता. धम्मशीलाने तो तीन आठवड्यांपूर्वी रोवला होता, लोकांनी त्याच्यापासून लांब राहावं म्हणून.

धम्मशीला गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. अणुकचरा पुरलेल्या जागेवर लावायला, दहा हजार वर्षांनीही कळेल असा इशारा सुचवा, अशी एका संशोधन संस्थेची स्पर्धा होती. तोवर मराठी राहणार नाही, हे तिने धरूनच ठेवलं होतं. चावडीच्या कपाटातले मोडी कागद गावात आजच कुणाला वाचता येत नव्हते. म्हणून तिने अक्षरं टाळली. दगडावर नुसता चेहरा कोरून घेतला. डोळे वटारलेले, तोंड वासलेलं. लांबून दिसावा म्हणून वर लाल रंग फासला. गायरानात पुरलेलं काही नव्हतं, ही नुसती चाचणी होती; तीस दिवस तिथे कुणी खणलं नाही, असं दाखवता आलं तर तिची सूचना अंतिम फेरीत जाणार होती.

खबर ऐकून तिचा नवरा नागसेन हसून हसून बेजार झाला. "बावीस प्रतिज्ञांच्या घरातून देवी निघाली! आता पुजारी कोन, मी?"

ती तशीच गायरानात गेली. कडूबाई शेळ्या चरायला सोडून खोबरं वाटत होती.

"कडूमावशी, ह्या तोंडाचं भ्या न्हाई वाटलं?"

"लय वाटलं की! म्हून तर नारळ आनला."

"मग पळून जायचं."

"आन् तिला राग आला म्हंजी? शिकवताव म्हून काय बी बोलताव का, बाई?"

धम्मशीलाने कपाळाला हात लावला. "बरं, हिच्याखाली कुनी खनलं तर?"

"हात झडतील त्याचे! सुनंला, नातवंडाला, समद्याला सांगून ठिवलंय म्या."

खोबऱ्याचा तुकडा चघळत परतताना धम्मशीलाच्या ध्यानात आलं की आपण खुशीत आहोत. एक अक्षर न लिहिता इशारा नातवंडांपर्यंत पोचला होता. अहवालात तिने दोन्ही गोष्टी लिहिल्या. लोक जवळ येतात. कुणी खणत नाही.

तीस दिवस भरायला आता चार दिवस उरलेत. काल संध्याकाळपर्यंत चौदा नारळ फुटले. कडूबाईने पुढाकार घेऊन देवीला ओटा बांधायचं ठरवलंय. विटा येऊन पडल्या आहेत. ओट्याला पाया खणायचा की नाही, यावर आज दुपारपासून चावडीत बोलणं चालू आहे.